निंबातली बाळंतीण

माझी एक खोड आहे, ती आधीच सांगून टाकतो. झाडाच्या बुंध्यात भोक दिसलं की माझे हात शिवशिवतात. संत्र्याच्या बागाईतदाराला ही खोड लागतेच. साल पोखरणारी अळी एका भोकातून आत शिरते आणि दहा वर्षं पोसलेलं झाड दोन वर्षांत वाळवून टाकते. म्हणून भोक दिसलं की तार घालायची, औषधाचा बोळा कोंबायचा आणि वरून लिंपून टाकायचं. चाळीस वर्षं मी हेच केलं. वलगावच्या पुढे आमची साडेतीनशे झाडं आहेत. त्यातल्या एकाच्या अंगावर कुणी उघडं भोक दाखवलं, तर दाखवणाऱ्याला मी पुरणपोळी जेवू घालीन.

शिवाय दर मे महिन्यात, मृगाच्या आधी, मी मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मलम करतो आणि सगळ्या खोडांना निळं फासतो. संत्री झाली की उरलेला मलम बांधावरच्या आंब्याला, आणि तरी उरला तर फाटकाच्या खांबाला. गावातली पोरं म्हणतात, नत्थुजीच्या बागेत जास्त वेळ उभं राहू नका, तुम्हालाही चुना लावतील. म्हणोत बापडे. ज्यांच्या बागा वाळल्या त्यांच्या तोंडी लागायला मला वेळ नाही.

यंदाच्या मे महिन्यात घरात बाळंतीण होती. आमची रागिणी अकोल्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. दुर्गाबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिला विहिरीकडच्या खोलीत ठेवलं आणि सव्वा महिन्याचा कायदा लागू केला. कानाला फडकं, ओव्याची धुरी, डिंकाचे लाडू, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. डोळे बिघडतात म्हणून मोबाइलही काढून घेतला. पोरीनं भांडभांडून एक वही, एक पेन आणि उघडी खिडकी एवढंच मिळवलं. खिडकीसमोर विहीर, विहिरीच्या काठावर म्हातारा कडूनिंब, आणि त्या निंबावर धनेशाची जोडी. राखी रंगाचं, घारीएवढं पाखरू. लांब शेपूट, मोठी वाकडी चोच आणि चोचीवर आणखी एक शिंग.

त्या पाखरानं माझं जेवण हराम केलं. मी ताटावर बसलो की दुर्गाबाई सुरू.

‘आवो, त्या निंबावरचा नर पाह्यला का तुमी? दिवसभर बायकोले घास नेऊन देते. उन नाई, तान नाई. अन् एक आमच्या नशिबाचं मानूस!’

यामागची गोष्ट बत्तीस वर्षांपूर्वीची आहे. रागिणीच्या वेळी दुर्गाबाई तिच्या माहेरी, मूर्तिजापूरला होती. मी चाळीस दिवस तिकडं फिरकलो नाही. बागेला पाणी द्यायचे दिवस होते, मोटार जळाली होती, एक ना दोन. कारणं सगळी खरी होती. पण मूर्तिजापूर काही विलायतेत नव्हतं, हेही खरंच. बत्तीस वर्षांत हा विषय निघाला नाही असा एक महिना गेला नसेल, आणि आता तर तिला साक्षीदार म्हणून पाखरू मिळालं होतं.

त्यामुळं ‘धनेश’ हा शब्द आला की मी ताट उचलायचो आणि ओसरीवर जाऊन जेवायचो. मायलेकींचं पुढचं बोलणं मी कधी ऐकलंच नाही. नर घास नेतो म्हणजे नेमका कुठं नेतो, मादी बसते ती कुठं, हे विचारावंसंही वाटलं नाही. घरटं म्हणजे काड्यांचं आणि फांदीवरचं, एवढीच माझी अक्कल. ताट उचलण्याची ती गुर्मी मला किती महागात पडणार होती, याची तेव्हा कल्पना नव्हती.

त्या बुधवारी मी पहाटेपासून कामाला लागलो आणि सात वाजेपर्यंत शेवटच्या ओळीचं शेवटचं झाड रंगवून झालं. पाव बादली मलम उरला. मी निंबाकडे पाहिलं. दोन पुरुष उंचीवर, मोडलेल्या फांदीच्या जागी, त्याला एक ढोली आहे. दोन वर्षांपूर्वी ती मीच दगडमाती भरून बुजवली होती. आता खालून पाहतो तर माती आहे, पण मधोमध उभी फट पडलेली. मला माझ्याच कामाची लाज वाटली. एवढं निगुतीनं भरलेलं आणि तडकलं कसं?

शिडी लावली. टाकीच्या दुरुस्तीतलं अर्धं पोतं सिमेंट घरात होतं. त्यातलं घमेलंभर कालवलं. वर चढून पाहिलं तर माती काळपट आणि दगडासारखी टणक झालेली. फट माझ्या दोन बोटांएवढी रुंद, वीतभर लांब. मी सिमेंटचा गोळा दाबून बसवला.

दाबताना आत खुट्ट झालं.

मी ऐकलं. खोटं कशाला सांगू? मी थांबलोसुद्धा, क्षणभर. पाल असेल, सरडा असेल, घोरपडीचं पिल्लू असेल, असं मनाशी म्हटलं. आत अळी असली काय आणि पाल असली काय, ढोली बुजवायचीच होती. मी दुसरा गोळा दाबला, थापीनं गुळगुळीत केला, वरून निळा मलम फासला आणि खाली उतरून मान वर करून पाहिलं. काम झकास झालं होतं. मग चहा प्यायलो.

साडेनऊच्या सुमाराला ऊन चढलं होतं. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन सांगायला नको. नऊ वाजता विहिरीच्या कठड्याला हात लावला तर चटका बसतो. मी विहिरीवर बादल्या धूत होतो तेव्हा नर आला. आला तो थेट त्या निळ्या चकतीवर. बुंध्याला नखं रोवून, शेपूट खाली टेकवून तो चिकटला आणि चोचीनं सिमेंटवर ठोकायला लागला. टक, टक, टक. मग उडाला, समोरच्या फांदीवर बसला, मान तिरपी करून पाहिलं, पुन्हा आला. टक, टक. त्याच्या चोचीत एक लालबुंद वडाचं फळ होतं आणि ठोकतानाही तो ते पडू देत नव्हता.

मला वाटलं, मलमाचा रंग पाहून बिचकलं असेल येडं.

तेवढ्यात, सकाळची मालीश आणि शेक उरकून खिडकीशी आलेल्या रागिणीची हाक आली. ‘बाबा! निंबाले ते निळं काय लावलं?’

‘भोक बुजवलं,’ मी ऐटीत म्हणालो. ‘सिमेंट घातलं आतून. आता पाच वर्षं पाह्यणं नाही.’

मी वर पाहिलं तर पोरीच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. मांडीवर बाळ होतं आणि एका हातानं तिनं खिडकीचा गज धरला होता.

‘बाबा, ते भोक नाई. ते दार हाये,’ ती म्हणाली. ‘मादी आत हाये. महिना उलटून गेला. पिल्लं हायेत तिच्याजवळ.’

पुढचं तिनं एका दमात सांगितलं आणि मी भर उन्हात गार पडलो. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी ढोलीत शिरते आणि आपल्याच विष्ठेनं, फळांच्या चोथ्यानं, मातीनं स्वतःला आत लिंपून घेते. साप नको, माकड नको, घोरपड नको. फक्त एक फट ठेवते, नराची चोच मावेल एवढी. मग आत तिची उडायची पिसं गळून पडतात, सगळी. म्हणजे तिनं दार उघडलं तरी ती उडू शकत नाही. अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची आणि नवी पिसं येईपर्यंत त्या फटीतून जे येईल त्यावर जगायचं. हवाही त्याच फटीतून. माझी दोन वर्षांपूर्वीची दगडमाती केव्हाच गळून गेली होती; मी माझी समजलो ती माती तिची होती. आणि ती फट मी सकाळी सात वाजता, थापीनं गुळगुळीत करून, बंद केली होती.

‘तुले मी आठ दिवस सांगून राह्यली व्हती ना बाबाले सांग म्हणून?’ रागिणी आईवर ओरडली.

‘सांगतलं ना म्या! रोज सांगतलं,’ दुर्गाबाई दारात येऊन म्हणाली. ‘हे ताट घेऊन पळत व्हते.’

मी शिडी ओढली आणि वर चढलो. खुरपीनं उचकून पाहिलं, पण उन्हानं सिमेंट आवळलं होतं. हातोडीचा एक घाव घातला तर आत काहीतरी धडपडलं आणि बारीक चिरकं रडणं ऐकू आलं. एक नाही, दोन आवाज होते. पुढचा घाव घातला तर सगळा गोळा आतल्या आत पिल्लांवर पडणार, न घातला तर ती गुदमरणार. साडेतीनशे झाडांना जीव लावणारा माणूस मी, आणि माझ्या हातांनी एका बाळंतिणीला भिंतीत चिणलं होतं. शिडीवरच मला रडू फुटलं. बासष्टाव्या वर्षी, भर उन्हात, बायकोच्या देखत.

‘उतरा खाली,’ दुर्गाबाई म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. ‘हे तुमचं काम नाई. इनायतुल्लाभाऊले फोन लावा.’

इनायतुल्ला आमचा गवंडी. आमचं घर, टाकी, विहिरीचा कठडा, सगळं त्याच्या हातचं. मी त्याला मिस्त्री म्हणतो आणि गेली वीस वर्षं प्रत्येक कामात त्याच्याशी भांडतो. तो वलगावात एका स्लॅबवर होता. मी फोनवर काय बोललो मला आठवत नाही. तो एवढंच म्हणाला, ‘नत्थुजी, हात नका लावू. मी येऊन राह्यलो.’

ती पंचवीस मिनिटं मी खिडकीखाली उभा होतो. नर येतच होता. फळ घेऊन यायचा, ठोकायचा, फांदीवर जायचा. त्यानं एकदाही ते फळ स्वतः खाल्लं नाही. रागिणी म्हणाली की हे एकच नाही, अशी दहा-पंधरा फळं त्यानं गळ्यात साठवून आणलेली असतात. तो ती एकेक करून वर काढतो आणि एकेक भरवतो. म्हणजे भुकेलं तोंड भिंतीपलीकडे आणि भरलेला गळा अलीकडे, मध्ये माझं सिमेंट. मला ते पाहवत नव्हतं, पण मी मान फिरवली नाही. ताट उचलून जायची सोय आता नव्हती.

‘काय लिहून राह्यली तू?’ मी पोरीला विचारलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

‘पोरांसाठी हाये. एक पक्षी घ्यायचा, एक सस्तन प्राणी घ्यायचा, दोघांची तुलना करायची. मी नमुना करून राह्यली व्हती.’ तिनं वही गजांशी धरली. पानावर मधोमध रेघ होती. डावीकडे लिहिलं होतं राखी धनेश, उजवीकडे माणूस.

माणूसही सस्तन प्राणीच, हे मला शाळेत शिकवलं होतं. पण असं पाखराच्या शेजारी मांडलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी वाचलं. मादी किती दिवस कोंडून घेते: डावीकडे अडीच-तीन महिने, उजवीकडे सव्वा महिना. अंगाचं काय जातं: तिकडे पिसं, इकडे केस आणि कंबर. खाणं कोण आणतं: तिकडे नर, इकडे आई. त्याच्यापुढं कंसात, श्याम, रविवारी, पावशेर द्राक्षं. श्याम म्हणजे आमचा जावई. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंत रेल्वेनं येतो, तिथून बसनं, आणि ओसरीवर पाव्हण्यासारखा बसून परत जातो. कारण खोलीत त्याला जाऊ देतो कोण?

खाली आणखी एक ओळ होती. दार कोण लावतं? डावीकडे: ती स्वतः, आतून. उजवीकडे: दुसरे, बाहेरून.

मी दोनदा वाचलं. आत रागिणीच्या मागं दुर्गाबाई उभी होती, तिनंही वाचलं असणार. ती पदरानं बाळाला वारा घालत राहिली.

‘तुमी आले नाई त्या टायमाले,’ ती म्हणाली, ‘मी बी फटीतूनच पाहत व्हती. मूर्तिजापूरच्या घराले रस्त्याच्या अंगानं एक झरोका व्हता. गाडी वाजली का उभी राह्यत जाये.’

बत्तीस वर्षं ती मला टोमणे मारत आली, पण हा झरोका तिनं कधी सांगितला नव्हता. मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. ‘चुकलो,’ एवढंच म्हणालो, आणि ते कोणत्या चुकीबद्दल हे तिनं विचारलं नाही.

मिस्त्री आला. फटफटी आडवी टाकून, स्लॅबवरच्या सिमेंटनं माखलेल्या हातांनीच, छिन्नी आणि लाकडी हातोडी घेऊन शिडी चढला. वर जाऊन त्यानं आधी काहीच केलं नाही. कान लावला, निळ्या चकतीच्या कडेकडेनं नख फिरवलं, आणि खाली न पाहता म्हणाला, ‘सिमेंट तुमचं कोणतं अन् तिची गिलाव कोणती, ते मले बोटाले समजून राह्यलं. तुमचं निरं कच्चं हाये.’

‘शिव्या मंग दे, मिस्त्री. आधी काढ,’ मी म्हणालो.

मी दोन्ही हातांनी शिडी धरून ठेवली होती. तो ठोकत नव्हता, नुसता कोरत होता. एकेक चिमूट सिमेंट माझ्या डोक्यावर पडत होतं. त्यानं एक पातळ पत्रा फटीत सरकवला होता, म्हणजे काही सुटलं तर आत जाऊ नये. दुर्गाबाईनं ओलं फडकं आणलं होतं, पण तो घाम पुसायलाही थांबला नाही. अकरा वाजून गेले. नर शेजारच्या आंब्यावर जाऊन बसला होता आणि चोच उघडी टाकून धापा टाकत होता, फळ मात्र गळ्यात.

मग एक मोठा तुकडा सुटला. मिस्त्रीनं तो तळहातावर झेलला, पण त्याच्याबरोबर पाखराच्या भिंतीचाही अर्धा भाग निघून आला. ढोलीचं तोंड मूठभर उघडं पडलं.

‘या अल्ला!’ मिस्त्री म्हणाला.

‘काय झालं? मेली का?’ मी खालून ओरडलो.

‘वर या,’ तो म्हणाला. ‘चुपचाप या.’

मिस्त्री फांदीवर सरकला आणि मी वर चढलो. आत अंधार होता आणि त्या अंधारात एक डोळा होता. तांबूस, गोल, लांब पापण्यांचा, अगदी बाईमाणसासारख्या पापण्या. तो माझ्याकडे पाहत होता आणि त्यात भीती नव्हती. हळूहळू बाकीचं दिसलं. शेपूट नाही, पंखांच्या जागी नुसते खुंट, अंग झडलेलं. ती पाठीमागं सरकली नव्हती, पुढं आली होती. तिच्या खाली दोन पिल्लं होती, उघडी, गुलाबी, चोची वर करून चिरकणारी. चार तास बंद खोपटात, ती दोघांना पोटाखाली घेऊन, दाराकडं तोंड करून बसली होती. उडता येत नाही, पळता येत नाही, तरी आधी माझ्याशी गाठ आहे, असं तिचं बसणं होतं.

मला काय वाटलं ते सांगतो. मी देवळात जातो, नारळ फोडतो, पण देवासमोर जे वाटायला पाहिजे म्हणतात ते मला त्या ढोलीपुढं वाटलं. माझं सगळं अंग शहारलं. आणि तेवढ्यात तिनं चोच मारली. माझ्या तर्जनीचं मांस निघालं. मी हूं की चूं केलं नाही. हक्क होता तिचा.

मिस्त्रीच्या हातात तिच्या भिंतीचा तुकडा होता. तो त्यानं अंगठ्यानं घासून पाहिला, वास घेतला, फांदीवर आपटून पाहिला. फुटला नाही. ‘चोच सोडून काई औजार नाई तिच्यापाशी,’ तो म्हणाला. ‘पानी नाई, रेती नाई. अंधारात बसून, आतल्या बाजूनं. मी पस्तीस सालं झाले गिलाव करून राह्यलो, नत्थुजी. माह्या उस्तादानंही अशी केली नसती.’

खाली उतरलो, शिडी हलवली आणि सगळे खिडकीशी गोळा झालो. आता खरी काळजी सुरू झाली. रागिणी म्हणाली, भिंत मोडल्यावर काही सांगता येत नाही. नर बिचकला तर येणार नाही. तो आला नाही तर ती उपाशी मरेल. आणि तोंड असं उघडं राहिलं तर संध्याकाळपर्यंत घोरपड नाही तर कावळे पिल्लं नेतील.

‘आपण लिंपून देऊ ना फट ठेवून,’ मी म्हणालो. हात पुन्हा शिवशिवले होते, काय सांगू.

‘बाबा,’ रागिणी म्हणाली, ‘तुमी आता काईच करू नका.’

काहीच न करणं हे किती अवघड काम आहे हे मला त्या दुपारी कळलं. बारा वाजले. एक वाजला. उन्हानं विहिरीवरची हवा थरथरत होती. मिस्त्रीला स्लॅबवरून तीन फोन आले, तो गेला नाही. दुर्गाबाईनं भाकरी-पिठलं वाढलं, कुणी जेवलं नाही. आंब्यावरचा नर उडून कुठं तरी गेला आणि आम्ही सगळे त्या रिकाम्या फांदीकडे पाहत बसलो.

दीड वाजता तो आला. आधी फांदीवर बसला. मोडलेली भिंत पाहिली, खाली आमच्याकडे पाहिलं, मान या बाजूला केली, त्या बाजूला केली. मग झेपावला आणि बुंध्याला चिकटला. आतून चोच बाहेर आली. त्यानं गळ्यातून एक फळ वर आणलं, चोचीच्या टोकावर धरलं आणि दिलं. मग दुसरं.

‘एक... दोन... तीन,’ रागिणी कुजबुजत मोजत होती. मीही मोजत होतो, मिस्त्रीही. अकरा झाली. प्रत्येक फळ त्यानं इतक्या अदबीनं पुढं केलं की घाई अशी कुठं दिसली नाही, सकाळपासून उपाशी असलेल्या बायकोसमोरसुद्धा. बाराव्याला दुर्गाबाईनं डोळ्याला पदर लावला.

तो गेल्यावर आतून आवाज आला. थप. थप थप. रागिणीनं माझा हात गजांतून धरला. उघड्या तोंडाच्या खालच्या कडेवर मादीची चोच आडवी होऊन काहीतरी थापत होती. थोडं थापायची, थांबायची, पुन्हा थापायची. ओला काळपट थर कडेवर चढत होता. पोटात अकरा-बारा फळं पडली न पडली, दोन पिल्लं ओरडताहेत, अंगावर पिसं नाहीत आणि बाई भिंत बांधायला बसली.

‘थापी आडवी चालवून राह्यली,’ मिस्त्री म्हणाला. ‘पाहा, कडेकडून मधात येऊन राह्यली. बरोबर हाये.’ तो जमिनीवर मांडी घालून बसला, शिकायला बसल्यासारखा, आणि संध्याकाळी ऊन उतरेपर्यंत उठला नाही. नर दर तासा-दीड तासाला येत राहिला. जाताना तो जरा खाली उतरून विहिरीच्या कडेची ओली माती चोचीत घ्यायचा आणि तीही तिला द्यायचा. हे वहीत नव्हतं. रागिणीनं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी चपला न घालता निंबाखाली गेलो. फांद्यांआडून पाहिलं. भिंत पुरी झाली होती. जुन्या भिंतीहून जाड, माझ्या सिमेंटच्या राहिलेल्या कडा तिनं आपल्या गिलाव्याखाली झाकून टाकल्या होत्या. मधोमध उभी फट. कालची दोन बोटं रुंद होती. ही एका बोटाची होती, आणि माझं बोट, पट्टी बांधलेलं, त्यात गेलं नसतं.

दुर्गाबाई चुलीवरचं सोडून मागं येऊन उभी राहिली होती. तिनंही वर पाहिलं.

‘हे तुमच्या भेवानं केली तिनं,’ ती म्हणाली. ‘तुमी आत येऊ नये म्हनून.’

तेवढ्यात नर आला. आम्ही दोघं मागं सरलो. त्याची चोच त्या फटीत बरोबर बसली, इकडे नाही की तिकडे नाही. एवढ्या मोठ्या जगात तिनं एकाच चोचीपुरती जागा ठेवली होती आणि ती रात्रभरात, अंधारात, अंदाजानं नेमकी साधली होती.

माझ्या तोंडावर आयुष्यात पुष्कळांनी दारं लावली. व्यापाऱ्यांनी लावली, भावकीनं लावली, आणि मी प्रत्येकाशी कोर्टापर्यंत भांडलो. त्या सकाळी एका पाखरानं लावलं. मी तिथं, निंबाखाली, बायकोच्या शेजारी उभा राहिलो आणि त्या बंद दाराला हात जोडले.